अटळ मात किती लवकर सापडते, हे मोजायचे कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांच्या बुद्धिबळ वर्गासाठी आपण मात करण्याची कोडी जमवता आणि संगणकावर आपल्याकडे तीन बुद्धिबळ इंजिने, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे कार्यक्रम, आहेत. त्यांपैकी कोणते इंजिन अटळ मात सर्वांत लवकर शोधते हे ठरवण्यासाठी आपण दहा पटस्थिती घेऊन स्टॉपवॉचने वेळ मोजला आणि तीन गोष्टींनी गोंधळात पडलात. तीच चाचणी पुन्हा घेतली की आकडे बदलतात. दुसऱ्या फेरीत सगळीच इंजिने एकाएकी चपळ होतात. आणि आपसांतल्या डावांत जे इंजिन उरलेल्या दोघांना सहज हरवते, तेच कोडी सोडवताना मागे पडते. यांतली एकही गोष्ट आपल्या संगणकाचा दोष नाही. गेली अनेक वर्षे हौसेने इंजिनांच्या चाचण्या घेत आलो आहे, आणि या तिन्ही खड्ड्यांत मी स्वतः पडलेलो आहे. मात्र त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागेल, कारण तो अनुत्तरित ठेवून केलेली कोणतीही मोजणी व्यर्थ जाते: मात ‘सापडली’ असे आपण नेमके कोणत्या क्षणी म्हणणार?

लंडनमध्ये १९१२ साली एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात झालेला डाव आपल्या वर्गातल्या मुलांनाही ठाऊक असेल. अकराव्या चालीला पांढऱ्याने पटावरील एच७ या घरावर वजिराचा बळी देऊन काळ्या राजाला किल्ल्याबाहेर ओढले. तेथून पुढे पांढऱ्याची प्रत्येक चाल शह देणारी आहे, आणि काळा राजा एकेक घर करत पांढऱ्याच्या गोटात थेट जी१ पर्यंत चालत जातो. अठराव्या चालीला लास्करने स्वतःचा राजा डी२ वर सरकवला, त्यामागून ए१ वरच्या हत्तीची वाट मोकळी झाली आणि मात झाली. वजिराच्या बळीपासून मोजल्यास या आठ चाली होतात. परंतु चौदाव्या चालीला एच-प्याद्याने शह देण्याऐवजी एफ-प्यादे दोन घरे पुढे टाकून शह दिला असता, तर मात एक चाल आधीच झाली असती.

ही पटस्थिती इंजिनाला दिल्यावर काय घडते ते क्रमाने पाहा. इंजिन प्रथम एच७ वर वजीर देण्याची चाल यादीत सर्वांत वर आणते. त्या वेळी त्याला मात दिसलेली असेलच असे नाही, ‘येथे काहीतरी फायदा आहे’ एवढाच गुण त्याने त्या चालीला दिलेला असू शकतो. पुढे कधीतरी ते ‘इतक्या चालींत मात’ असे जाहीर करते, आणि तो आकडा पुष्कळदा खऱ्यापेक्षा मोठा असतो. आणखी काही काळाने तो आकडा घसरत घसरत सर्वांत लहान लांबीवर येतो. चौथा क्षण, म्हणजे यापेक्षा कमी चालींत मात नाहीच याची सिद्धता होण्याचा, खेळण्यासाठी बनवलेल्या इंजिनाच्या बाबतीत बहुधा येतच नाही, कारण असे इंजिन असंख्य फांद्या, म्हणजे चालींचे पर्यायी क्रम, न तपासताच सोडून देते. आपण स्टॉपवॉच कोणत्या क्षणी थांबवले? माझा अंदाज असा की, एका इंजिनाच्या बाबतीत पहिल्या क्षणी आणि दुसऱ्याच्या बाबतीत तिसऱ्या क्षणी, कारण पडद्यावर जे दिसते त्यावरून माणसाचा हात थांबतो. माझा सल्ला असा की दुसरा आणि तिसरा हे दोन क्षण वेगवेगळे नोंदवावेत आणि पहिला पूर्णपणे सोडून द्यावा. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाच्या प्रत्येक आवृत्तीचे मात शोधण्याचे कौशल्य तपासणारी मंडळीही सापडलेली मात आणि सर्वांत आखूड मात यांची गणना स्वतंत्र ठेवतात, आणि ती पद्धत योग्य आहे.

यानंतर येतो पटस्थितींच्या निवडीचा प्रश्न, आणि खरी मेख तेथेच आहे. बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी सुमारे ३५ नियमबद्ध चाली असतात असे धरले, तर दोन चालींची मात शोधण्यासाठी तीन अर्ध्या चाली (एका बाजूची एक चाल ती अर्धी चाल), म्हणजे ४२,८७५ शक्यता पाहाव्या लागतात. तीन चालींसाठी हा आकडा सव्वापाच कोटींवर जातो आणि चार चालींसाठी सुमारे ६,४३४ कोटींवर. निरुपयोगी फांद्या छाटणाऱ्या अल्फा-बीटा पद्धतीत चालींचा क्रम उत्तम लागला, तर चार चालींचा हाच डोंगर साधारण साडेपंधरा लाखांवर उतरतो. मात्र उत्तम क्रम लावता येणे हेच मुळात सर्वांत अवघड काम आहे. १९५१ साली मँचेस्टरच्या फेरांटी यंत्रावर डीट्रिख प्रिन्झ यांनी जो पहिला मात शोधणारा कार्यक्रम चालवला, त्यात असे कोणतेही चातुर्य नव्हते. किल्लेकोट, एन पासां (दोन घरे सरकलेले शेजारचे प्यादे मारणे) आणि प्याद्याची बढती हे नियमही त्यातून वगळले होते, आणि दोन चालींत मात शोधायला त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागली.

ही सरासरी फसवी आहे, कारण प्रत्येक चाल शह देणारी असली की बचाव करणाऱ्याकडे बहुधा एक, दोन किंवा तीनच चाली उरतात. लास्करच्या डावातील आठ चालींची वाट म्हणूनच आजच्या कोणत्याही इंजिनाला डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच दिसते. याच्या अगदी उलट टोकाला सॅम लॉइड यांचे १८६१ साली प्रसिद्ध झालेले ‘एक्सेल्सिअर’ हे कोडे आहे. मात पाचच चालींत आहे, पण पहिली चाल बी-प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची आहे. तिच्यात ना शह आहे, ना मारामारी. मात करण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला मोहरा कोणता, असे लॉइड यांनी मित्राला विचारले आणि त्याने हेच प्यादे दाखवले, अशी त्यामागची कथा आहे. मुख्य वाटेने पाचव्या चालीला तेच प्यादे ए८ वर बढती घेऊन मात करते. अशा ‘शांत’ चालींची कोडी आणि शहामागून शह देणारी कोडी एकाच संचात मिसळून सरासरी काढली, तर त्या आकड्याला काहीही अर्थ राहत नाही. माझ्याकडे तीन वेगळ्या पेट्या आहेत: पहिलीत केवळ शहांची कोडी, दुसरीत निदान एक शांत चाल असलेली, आणि तिसरीत झुगझ्वांगची, म्हणजे जेथे काळ्याला चाल करावी लागते म्हणूनच तो मरतो अशी. आपल्या दहा कोड्यांत कोणती किती आहेत, हे आधी पाहावे.

आपला तिसरा प्रश्न, म्हणजे बलवान इंजिन मात शोधण्यात मागे का पडते, येथेच सुटतो. आधुनिक इंजिनाची ताकद ते किती पाहते यापेक्षा काय पाहायचे टाळते यात आहे. छाटणीची एक प्रमुख युक्ती अशी: स्वतःची चाल सोडून दिली तरीही आपली स्थिती उत्तम राहते असे दिसले, की ती फांदी खोलवर तपासण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष डावांत हे गृहीतक जवळजवळ नेहमी खरे ठरते, कारण चाल करता येणे हा सहसा फायदाच असतो. झुगझ्वांगमध्ये मात्र तो शाप असतो आणि तेथे हे गृहीतक साफ कोलमडते. म्हणूनच शेवटची मोजकी मोहरी उरली की अनेक इंजिने ही युक्ती आवरती घेतात. दुसरी युक्ती म्हणजे यादीत उशिरा येणाऱ्या, शह किंवा मार नसलेल्या चाली कमी खोलीपर्यंत पाहणे. एक्सेल्सिअरमधली पहिली चाल नेमकी अशीच आहे, त्यामुळे इंजिन तिच्याकडे ओझरते पाहून पुढे जाते आणि बऱ्याच उशिरा परत फिरते.

याला चूक म्हणता येणार नाही. स्टॉकफिशमधील प्रत्येक बदल २०१३ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जातो आणि तो ठेवायचा की नाही याचा निकाल डावांतील गुणांवरून लागतो, कोड्यांवरून लागत नाही. एखाद्या बदलाने पन्नास रचलेल्या कोड्यांतील मात उशिरा सापडू लागली पण डाव अधिक जिंकले गेले, तर तो बदल स्वीकारला जातो. सप्टेंबर २०२० मधील बाराव्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क आले. त्याचे शिक्षण मुख्यतः डावांत उद्भवणाऱ्या स्थितींवर होते, आणि कोडे रचणाऱ्याने चार घोडे एका कोपऱ्यात मांडलेली पटस्थिती त्याला परकीच असते. शिवाय एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते: खेळणाऱ्या इंजिनाला डाव जिंकायचा असतो, वजीर-हत्तीची आघाडी दिसत असताना मात सहाव्या चालीला की नवव्या, याची त्याला फारशी फिकीर नसते.

आता उरलेले दोन गोंधळ. दुसऱ्या फेरीत सगळी इंजिने चपळ होतात, याचे कारण हॅश टेबल. पहिल्या फेरीत पाहिलेल्या स्थिती आणि त्यांचे गुण इंजिन स्मृतीत ठेवते. इंजिन बंद न करता तेच कोडे पुन्हा दिले, तर ते शोधत नाही, आठवते. प्रत्येक कोड्यापूर्वी ‘नवा डाव’ ही आज्ञा पाठवावी किंवा हॅश स्वच्छ करण्याचे बटण दाबावे. त्याबद्दल शंका असेल तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करावे. एका कोड्याची स्मृती दुसऱ्या कोड्यात झिरपते, त्यामुळे हे प्रत्येक फेरीपूर्वी नव्हे तर प्रत्येक कोड्यापूर्वी करावयाचे आहे.

आकडे दर वेळी बदलण्याचे मुख्य कारण अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे शोधाचे धागे, हे आहे. स्टॉकफिशसारख्या इंजिनात सगळे थ्रेड एकच हॅश टेबल वापरून एकाच वेळी शोध घेतात. कोणता थ्रेड कोणती नोंद क्षणभर आधी लिहून जातो, हे संगणकावर त्या क्षणी आणखी काय चालले आहे यावर अवलंबून असते, आणि त्या किंचित फरकाने पुढचा संपूर्ण शोध वेगळ्या वाटेला लागतो. एकच थ्रेड, ठरावीक हॅश आणि वेळेऐवजी नोडची, म्हणजे तपासलेल्या स्थितींच्या संख्येची, मर्यादा ठेवली, तर तेच इंजिन तेच उत्तर तितक्याच नोडना देते, मग चाचणी सोमवारी घ्या की शनिवारी. यात घड्याळाचा संबंधच येत नाही, हा मोठा लाभ आहे. एके वर्षी मे महिन्यात मी लॅपटॉपवर दोन आवृत्त्यांची रात्रभर चाचणी घेतली आणि नवी आवृत्ती लक्षणीय मंद आहे असा निष्कर्ष मित्रांना कळवूनही टाकला. प्रत्यक्षात जुनी आवृत्ती थंड यंत्रावर आधी चालली होती आणि नवीच्या वाट्याला तापून स्वतःचा वेग कमी केलेला प्रोसेसर आला होता. क्रम उलटा केला तेव्हा निकालही उलटला.

मात्र नोड मोजण्यालाही एक मर्यादा आहे. नोड कशाला म्हणायचे हे प्रत्येक इंजिन आपापल्या परीने ठरवते, त्यामुळे एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांसाठी नोड हे उत्तम माप असले तरी वेगळ्या घराण्यांतील इंजिनांसाठी ते निरुपयोगी आहे. लीला चेस झीरोसारखे इंजिन सेकंदाला स्टॉकफिशच्या तुलनेत फारच थोडे नोड पाहते, कारण त्याचा प्रत्येक नोड न्यूरल नेटवर्कच्या एका मोठ्या गणिताइतका महाग असतो. शिवाय त्याची शोधाची पद्धत संभाव्यतेवर आधारलेली असल्याने मात जाहीर करणे हे मुळात त्याच्या स्वभावात नाही. आपली तीन इंजिने वेगवेगळ्या घराण्यांतली असतील, तर वेळच मोजावा लागेल. मग यंत्र तेच, विजेची जोडणी कायम, दुसरे काही चालू नाही, आणि प्रत्येक कोड्याला इंजिनांचा क्रम बदलता, एवढे पथ्य पाळावे. वेळ स्टॉपवॉचवरून न घेता इंजिनाच्या स्वतःच्या नोंदीतून घ्यावा. इंजिन आणि पडदा यांच्यातील संवाद ज्या यूसीआय पद्धतीने होतो, तिच्या प्रत्येक ओळीत खोली (किती अर्ध्या चाली पुढे पाहिले), नोड, मिलिसेकंद आणि गुण लिहिलेले असतात. ती ओळ वाचताना दोन सावधगिरी बाळगाव्यात. मात किती चालींत, हा आकडा पूर्ण चालींत असतो, अर्ध्या चालींत नव्हे, आणि तो ऋण असेल तर चाल असलेल्या बाजूवरच मात येत आहे. शिवाय गुणाच्या पुढे ‘वरची मर्यादा’ किंवा ‘खालची मर्यादा’ असा शेरा असेल, तर ती ओळ अंतिम मानू नये.

एंडगेमच्या टेबलबेस फाइली, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल, जोडलेल्या असतील तर चाचणीपुरत्या त्या काढून ठेवाव्यात. सिझीजी या प्रकारचे टेबलबेस मात किती चालींवर आहे हे साठवत नाही. विजय, बरोबरी की हार, आणि पुढची मार किंवा प्याद्याची चाल किती अंतरावर, एवढेच साठवते. त्यामुळे सात किंवा कमी मोहऱ्यांची स्थिती आली की इंजिन ‘जिंकले’ एवढे म्हणून थांबते आणि मात शोधण्याचे कष्ट घेत नाही. टेबलबेस जोडल्यावर मात उशिरा जाहीर होऊ लागली, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे; कारण हेच.

निकाल मांडताना सरासरी वेळ काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. दहांपैकी तीन कोडी एखाद्या इंजिनाला सुटलीच नाहीत, तर त्यांचा वेळ किती धरणार? ती वगळली, तर केवळ सोपी कोडी सोडवणारे इंजिन सर्वांत वेगवान ठरते. त्याऐवजी एक लाख, दहा लाख आणि एक कोटी नोड अशा पायऱ्या ठरवून प्रत्येक पायरीपर्यंत किती कोडी सुटली ते लिहावे. साध्या लॅपटॉपवर एका थ्रेडने स्टॉकफिश सेकंदाला काही लाख नोड पाहते, तेव्हा दहा लाखांच्या पायरीने पाचशे कोडीही तासाभरात आटोपतात.

पाचशे हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. समजा, शंभर कोड्यांत एका इंजिनाने ६६ सोडवली आणि दुसऱ्याने ६२. दोघांनीही सोडवलेली आणि दोघांनाही न सुटलेली कोडी बाजूला काढा, कारण त्यांतून फरक कळत नाही. उरलेल्यांत पहिल्याने एकट्याने सोडवलेली ९ आणि दुसऱ्याने एकट्याने सोडवलेली ५ असतील, तर हा १४ नाणेफेकींचा ९-५ असा निकाल झाला, आणि निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून एकतर्फी निकाल शंभरांत सुमारे ४२ वेळा लागतो. म्हणजे आपल्या दहा कोड्यांवरून तीन इंजिनांची क्रमवारी लावणे शक्यच नव्हते.

कोडी जमवताना ती आधी तपासून घ्यावीत. पटस्थितीची नोंद करताना किल्लेकोटाचा हक्क लिहायचा राहिला, तर कधी मात नाहीशी होते आणि कधी नसलेली मात उगवते. फार लांबच्या कोड्यांचाही मोह टाळावा. ट्रान्सफॉर्मरच्या जनकांपैकी एक असलेले हंगेरियन अभियंते ओटो ब्लाथी यांनी फावल्या वेळात दोनशेहून अधिक चालींनी मात होणारी अजब कोडी रचली. पण स्टॉकफिशचा शोध सुमारे अडीचशे अर्ध्या चालींपलीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे साधारण सव्वाशे चालींहून लांब मात त्याला दिसली तरी लिहिता येत नाही. दुसऱ्या टोकाला, अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यांनी १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात बी८ वर वजीर देऊन साधलेली दोन चालींची मात सर्व इंजिनांना तत्क्षणी दिसते, त्यामुळे तिने वेग कळत नाही. ती मी संचाच्या सुरुवातीला ठेवतो ते आपली मोजणीची साखळी धड चालते की नाही हे पाहण्यासाठी: तेथे ‘दोन चालींत मात’ अशी ओळ आली नाही, तर चूक माझ्या मांडणीत आहे.

शेवटी आपण विचारले आहे की, मुलांना द्यायच्या कोड्यांची उत्तरे तपासण्यासाठी या तिघांपैकी सर्वांत वेगवान इंजिनावर विसंबावे का. त्यासाठी या तिघांपैकी कोणतेच वापरू नये. कोड्याला दुसरी एखादी पहिली चालही लागू पडते का आणि सांगितलेल्यापेक्षा आधी मात होते का, हे आपल्याला कळायला हवे, आणि छाटणी करणारे इंजिन याची हमी देत नाही. ‘पॉपाय’ हा मोफत मिळणारा कार्यक्रम कोडे रचणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे. तो एकही फांदी न वगळता तपासतो आणि सर्व उत्तरे छापतो. तीन चालींपर्यंतच्या कोड्यांना त्याला फारसा वेळ लागत नाही, चार चालींसाठी थोडा धीर धरावा लागतो, आणि पाच चालींची शांत कोडी असतील तर ती रात्री लावून झोपावे. इंजिनाचा उपयोग त्याआधी, ढोबळ चाळणीसाठी करावा: ‘गो मेट ४’ अशी आज्ञा दिली की चार किंवा कमी चालींत मात सापडताच स्टॉकफिश थांबते. मात्र काहीच सापडले नाही, तर ते आपणहून थांबत नाही, म्हणून सोबत नोडची मर्यादाही द्यावी.